कुलपाचा फोन आणि मोकळा फोन

वस्तूची किंमत मोजली म्हणजे ती वस्तु आपली झाली, अशी आपणां सर्वांची समजूत असते. बाजारांतून विळा आणला, तर त्यानें कोणाच्या शेतांतील गवत कापावें हें लोहार ठरवीत नाहीं. मोबाईल फोनच्या बाबतींत मात्र ही समजूत प्रत्येक वेळीं खरी ठरत नाहीं. फोन आपल्या हातांत, पावती आपल्या नांवाची, आणि तरीही त्यांत कोणत्या कंपनीचें सिमकार्ड चालावें हें दुसऱ्याच कोणी ठरवून ठेवलेलें, असा प्रकार घडूं शकतो. अशा फोनला 'लॉक्ड' व ज्यावर असें बंधन नाहीं त्याला 'अनलॉक्ड' म्हणतात. आम्ही त्यांस कुलपाचा फोन व मोकळा फोन असें म्हणूं.

आमच्या लोणी भापकरसारख्या गांवास हा विषय आतां परका राहिलेला नाहीं. परदेशीं नोकरीस असलेला भाऊ किंवा मामा सुटींत येतांना घरच्यांसाठीं फोन आणतो; कोणी बारामतीस जाऊन वापरलेला फोन स्वस्तांत घेतो; कोणी हप्त्यानें घेतो. जिराईत शेतीवर चालणाऱ्या घरांत फोनची किंमत ही लहान रक्कम नव्हे. म्हणून पैसे देण्यापूर्वीं ह्या कुलपाची ओळख करून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम हें कुलूप असतें कोठें तें पाहूं. सिमकार्डांत आपल्या दहा अंकी नंबराहून निराळा असा एक पंधरा अंकांपर्यंतचा क्रमांक सांठविलेला असतो. त्याचे पहिले तीन अंक देश दाखवितात. भारतासाठीं ते 404 किंवा 405 असे आहेत. त्यापुढील दोन किंवा तीन अंकांवरून कंपनी ओळखतां येते. फोन सुरू होतांच हा क्रमांक वाचतो. मोकळा फोन कोणत्याही कंपनीचें कार्ड स्वीकारतो. कुलपाच्या फोनला कोणते अंक चालतील हें आधींच सांगून ठेवलेलें असतें. ते जुळले नाहींत कीं पडद्यावर सिमकार्ड मान्य नसल्याची सूचना येते. छायाचित्रें काढतां येतात, वायफायवर चित्रपटही पाहतां येतो, परंतु त्या कार्डावरून घरीं फोन लावतां येत नाहीं. यंत्र बिघडलेलें नसतें. त्याला परवानगी नसते, इतकेंच.

कंपन्या असें कां करतात? ह्याचें उत्तर आपल्या भागांतील मुलांस सहज समजेल. ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्यापूर्वीं मजूर मुकादमाकडून उचल घेतात. एकदां उचल घेतली, कीं ती फिटेपर्यंत दुसऱ्या मुकादमाकडे जातां येत नाहीं. अमेरिकेंत व इतर कांहीं देशांत फोन कंपन्यांचा व्यवहार पुष्कळसा असाच चालत आला आहे. महागडा फोन कंपनी आरंभीं अगदीं थोड्या पैशांत देते. उरलेली किंमत दरमहाच्या बिलांतून वसूल करते. गिऱ्हाईक मध्येंच दुसऱ्या कंपनीकडे जाऊं नये म्हणून फोनला कुलूप घालते. स्वस्ताईची किंमत येथें रुपयांत न मोजतां मोकळेपणांत मोजली जाते.

आपल्या देशांत मोबाईल सेवा 1995 सालीं सुरू झाली. येथें बहुधा फोन एका दुकानांतून व सिमकार्ड दुसरीकडून, अशी रीत पडल्यामुळें बहुतेक फोन मोकळेच राहिले, आणि म्हणूनच कुलपाची गोष्ट आपल्या लोकांस फारशी ठाऊक नाहीं. तथापि त्याचीं उदाहरणें येथेंही घडलीं. रिलायन्सनें 2003 सालीं आरंभीं 501 रुपये घेऊन फोन दिले व मोबाईल सामान्य माणसाच्या हातीं आणला. त्या फोनांत सिमकार्ड काढण्या-घालण्याची सोयच नव्हती. नंबर यंत्रांतच भरलेला असे. पुढें त्या पद्धतीची सेवा देशांतून बंद झाली व ते फोन निरुपयोगी ठरले. 2008 च्या ऑगस्टमध्यें आलेला आयफोन थ्री-जी 31,000 रुपयांपासून पुढें विकला गेला, तरी त्यालाही विकणाऱ्या कंपनीचें कुलूप होतें. 2017 सालीं 1,500 रुपयांच्या अनामतीवर मिळालेल्या जिओफोनांतही केवळ त्याच कंपनीचें कार्ड चाले. फोन स्वस्त असो वा महाग, त्यावरून कुलपाचा अंदाज बांधतां येत नाहीं, हें ह्यावरून दिसून येईल.

20 जानेवारी 2011 पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची मुभा मिळाली. पण नंबर मोकळा झाला म्हणजे फोन मोकळा झाला असें होत नाहीं. कुलपाचा फोन बाळगणाऱ्यास ही मुभा अर्धीच मिळते.

ह्या कुलपाविरुद्ध अनेक देशांत कायदे व नियम झाले. अमेरिकेंत 2014 च्या कायद्यानें ग्राहकास आपल्या फोनचें कुलूप काढून घेण्याची मोकळीक दिली. कॅनडांत डिसेंबर 2017 पासून नवे फोन मोकळेच विकावे असा नियम झाला, व ब्रिटनमध्यें डिसेंबर 2021 पासून कंपन्यांनीं कुलपाचे फोन विकण्यास बंदी झाली. अमेरिकेंत मात्र कुलपाचे फोन पुढेंही विकले जात राहिले. म्हणून तेथून येणाऱ्या भेटीची चौकशी विशेष करावी.

आणखी तीन कुलुपें ह्याच नांवानें ओळखलीं जातात व त्यामुळें घोटाळा होतो. पहिलें पडद्याचें कुलूप. तें आपणच घालतों. दुसरें मालकाच्या खात्याचें; जुना फोन विकणाऱ्यानें आपलें खातें काढलें नसेल, तर फोन पुसून नव्यानें सुरू करतांना त्याचाच परवलीचा शब्द लागतो. तिसरें हप्त्याचें, हप्ता थकल्यास फोन बंद पाडण्याची सोय कांहीं सावकारी संस्था करून ठेवतात. सिमकार्डाचें कुलूप निघालें म्हणून हीं तिन्ही निघत नाहींत.

आतां परीक्षा कशी करावी? सर्वांत सोपी रीत ही, कीं पैसे देण्यापूर्वीं दोन निरनिराळ्या कंपन्यांचीं सिमकार्डें घालून दोहोंवरून फोन लावून पाहावा. आयफोनच्या माहितीच्या पानावर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असे शब्द असल्यास तो मोकळा समजावा. जुना फोन घेतांना *#06# हे दाबून दिसणारा पंधरा अंकी यंत्रक्रमांक पावतीशीं ताडून घ्यावा, व तो चोरीचा म्हणून बंद केलेला नाहीं ना, हें सरकारच्या 'संचार साथी' ह्या सेवेवर पाहावें. ही सेवा 2023 पासून सर्वांस खुली आहे. परदेशांतील नातेवाइकांस आधींच कळवावें, कीं फोनचे सर्व पैसे फेडून, तेथील कंपनीकडूनच कुलूप काढून मग तो आणावा. येथें आल्यावर तें काम कठीण होतें. 'दहा मिनिटांत कुलूप काढून देतों' असें म्हणणाऱ्या अनोळखी माणसाच्या हातीं फोन देणें धोक्याचें आहे, कारण त्याबरोबर आपलीं बँकेचीं व घरचीं सर्व गुपितें त्याच्या हातीं जातात.

मोकळ्या परदेशी फोनविषयींही दोन गोष्टी ध्यानांत असाव्या. प्रत्येक देशाच्या रेडिओलहरींचे पट्टे थोडेफार वेगळे असतात. ते न जुळल्यास खेड्यांत आधींच क्षीण असलेला संपर्क अधिकच क्षीण होतो. शिवाय 2022 पासून अमेरिकेंत विकल्या गेलेल्या बहुतेक नव्या आयफोनांत सिमकार्डासाठीं खांचच नाहीं. त्यांस ई-सिम घ्यावें लागतें.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या घरांत फोनविषयीं वडील माणसें आज तुम्हांसच विचारतात. तेव्हां रंग, पडदा व छायाचित्रांची स्पष्टता ह्यांच्या अगोदर दुकानदारास एक प्रश्न विचारण्याची संवय लावून घ्या : "ह्यांत कोणतेंही सिमकार्ड चालेल काय, आणि तसें पावतीवर लिहून द्याल काय?" उत्तर 'होय' असल्यास पुढील घासाघीस करावी. उत्तर गुळमुळीत मिळाल्यास वडिलांचे पैसे खिशांतच राहूं द्यावे व दुसरें दुकान पाहावें.