पेज पचते, पण पुरत नाही : वजन घटवण्याच्या ऑपरेशननंतरचे पहिले आठवडे



आपल्याकडे कुणी आजारी पडलं की स्वयंपाकघराचं धोरण ठरलेलं असतं. पेज, मऊ भात, साबुदाण्याची खीर, आणि "अजून दोन घास घे" हा आग्रह. तापातून उठलेल्या माणसाला हे मानवतं. वजन घटवण्याच्या ऑपरेशननंतर मात्र हे धोरण बदलावं लागतं. आमच्या घरात हे ऑपरेशन झालं तेव्हा हातात मिळालेल्या आहाराच्या तक्त्यात झ्वीबाक, बटाट्याचा लगदा आणि टर्कीचे काप होते. शाकाहारी मराठी घरात तो तक्ता कसा उतरवायचा, याचा आम्ही दोघांनी बराच विचार केला. तोच इथे मांडत आहोत. आपल्या डॉक्टरांचा आणि आहारतज्ज्ञांचा शब्द अर्थातच अखेरचा.

पोटात नेमकं काय बदलतं?

दोन ऑपरेशनं जास्त प्रचलित आहेत. 'स्लीव्ह'मध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा थोडा जास्त भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी उरते. 'गॅस्ट्रिक बायपास'मध्ये जठराच्या वरच्या टोकाची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. त्यामुळे अन्नाचा काही मार्ग वगळला जातो आणि लोह, कॅल्शियम, बी-१२ कमी शोषलं जातं. दोन्हींत भूक लावणारी संप्रेरकं बदलतात, म्हणून सुरुवातीला भूक जवळजवळ लागतच नाही.

सगळं गणित इथेच आहे. जागा थोडी, भूक नाही, आणि टाके भरून यायला प्रथिनं तर हवीत. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं हे साधारण लक्ष्य असतं, बऱ्याच जणांना ६० ते ८० ग्रॅम सांगतात. वाटीभर पातळ पेजेत प्रथिनं जेमतेम एक-दोन ग्रॅम. ती पचते, पण पोट तिच्यानेच भरलं तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं. वजनकाट्यावर आकडा छान उतरतो आणि जिना चढताना पाय थरथरतात. म्हणून नियम एकच लक्षात ठेवा : मऊ हवं, पण आधी प्रथिनं.

टप्प्याटप्प्याने

हॉस्पिटलागणिक वेळापत्रक वेगळं असतं, जर्मनीत काही ठिकाणी ते बरंच जलद असतं. आपला तक्ता पाहूनच पुढे जा. साधारण क्रम असा :

पहिले एक-दोन दिवस : पाणी, साखर नसलेला हर्बल चहा, गाळलेलं सूप. घोट घोट.

पुढचे साधारण दोन आठवडे : पातळ पदार्थ. दूध, पातळ ताक, गाळलेलं मुगाचं कढण, डॉक्टरांनी सुचवलेली प्रथिनांची पावडर.

तिसरा-चौथा आठवडा : मिक्सरमधून काढलेलं. घट्ट वरण, क्वार्क, दुधी किंवा लाल भोपळ्याची मऊ भाजी.

पाचवा-सहावा आठवडा : मऊ पण चावायचं. कुस्करलेलं पनीर, मऊ अंडं, टोफू, खाणाऱ्यांना वाफवलेला मासा.

त्यानंतर हळूहळू नेहमीचं जेवण, आकाराने मात्र लहान. पोळी, ताजा पाव आणि चिकट भात यांचा आत गोळा होतो, त्यामुळे ते बऱ्याच जणांना शेवटपर्यंत जड जातात. पातळ, खरपूस भाजलेली भाकरी त्यापेक्षा बरी पडते. साबुदाण्याची खिचडी चिकटही आणि नुसता स्टार्चही, म्हणून ती यादीत अगदी खाली.

येनाच्या दुकानात काय मिळतं?

इथे आपलं नशीब चांगलं आहे. कुठल्याही सुपरमार्केटमधला मागरक्वार्क म्हणजे साय काढलेल्या दुधाचा बिनसाखरेचा चक्काच. १०० ग्रॅममध्ये सुमारे १२ ग्रॅम प्रथिनं, आणि खिशालाही परवडणारा. थोडं दूध, मीठ, जिरेपूड घालून फेटला की मठ्ठा म्हणून खपून जातो. रोटे लिन्झन म्हणजे आपली मसूर डाळ, त्यासाठी एशियन दुकान गाठायलाच हवं असं नाही.

चौथ्या आठवड्यातला एक शाकाहारी दिवस आम्ही असा मांडला :

सकाळी १०० ग्रॅम क्वार्क, १०० मिली दुधात फेटून : १५ ग्रॅम
दुपारी ३० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण आणि ५० ग्रॅम क्वार्क : १३ ग्रॅम
चार वाजता २०० मिली दूध आणि प्रथिनांची पावडर : सुमारे २२ ग्रॅम
संध्याकाळी ४० ग्रॅम मऊ पनीर, किंवा अंडं चालत असेल तर एक : ७ ग्रॅम
रात्री अर्धा कप दूध : ३ ग्रॅम

बेरीज ६०. यात भात नाही म्हणून कुणी हळहळू नये. वरणावर लिंबू पिळायला आणि हिंग-जिऱ्याचा वास लावायला मनाई नाही. तूप थेंबभर. एका वेळी जेवढं जाईल तेवढंच घ्यावं, उरलेलं तासा-दोन तासांनी.

खाण्याची रीत

घास चमचाभर, चावून चावून, जेवणाला वीस ते तीस मिनिटं. पाणी जेवताना नाही, नंतरही अर्धा तास नाही. पण दिवसभरात घोट घोट करून दीड लिटर तरी गेलंच पाहिजे. अशक्तपणा आणि चक्कर यांचं कारण पुष्कळदा कमी पाणी हेच असतं. इथे पाहुण्यापुढे सवयीने बुडबुड्यांचं पाणी येतं, ते नको. 'श्टिलेस वासर' मागा किंवा सरळ नळाचं प्या.

गोड पदार्थांचा प्रश्न फक्त कॅलरींचा नाही. विशेषतः बायपासनंतर साखर झपाट्याने आतड्यात उतरते आणि तासाभराच्या आत घाम, धडधड, पोटात कळ, जुलाब सुरू होतात. याला 'डम्पिंग' म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातली साखर घसरून गरगरतं. गुलाबजामचा पाकच काय, फळांचा रसही हे करू शकतो.

उपवास पहिले काही महिने नको. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर मुळीच नको. ऑपरेशननंतर साखर आणि रक्तदाब भराभर उतरतात, त्यामुळे जुना डोस जास्त होतो. तो पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांकडून तपासून घ्यावा.

गोळ्या, आयुष्यभर

मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, बी-१२ आणि गरजेप्रमाणे लोह. हे 'बरं वाटेपर्यंत' नसून कायमचं आहे, आणि खर्च बहुधा आपल्याच खिशातून होतो. आपल्या शाकाहारी मंडळींत बी-१२ पुष्कळदा आधीपासूनच कमी असतं, म्हणून ते ऑपरेशनपूर्वीच तपासून घ्या. येनाच्या हिवाळ्यातल्या उन्हातून व्हिटॅमिन डीची अपेक्षा ठेवू नये. कॅल्शियम आणि लोह यांत दोन तासांचं अंतर ठेवा, लोहाच्या गोळीवर चहा नको.

भारतातून आणलेल्या औषधांच्या पिशवीकडेही एकदा पाहा. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन असतं, इथल्या दुकानातल्या बऱ्याच वेदनाशामकांतही. या गोळ्यांनी नव्या जोडावर अल्सर होऊ शकतो, बायपासनंतर जास्तच. त्याऐवजी काय घ्यायचं ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावं.

केस तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात आणि प्रथिनं व लोह नीट असेल तर बहुतेकांचे परत येतात. स्त्रियांनी निदान बारा ते अठरा महिने गरोदरपण टाळावं. बायपासनंतर तोंडावाटे घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबून राहू नये, दुसरा उपाय डॉक्टरांना विचारावा.

इथे आजी नाही, मग घर कसं चालायचं?

जड उचलणं काही आठवडे बंद, म्हणजे पाण्याचा क्रेट नाही आणि लेकराला कडेवर घेणंही नाही. चालणं मात्र पहिल्या दिवसापासून, कारण रक्ताच्या गुठळ्या टाळायच्या असतात. झालेच्या काठाने पॅराडीसमधून सपाट रस्त्यावर दहा मिनिटं, मग वीस. येनझिगचा डोंगर नंतर आहेच.

नोकरदारांना आजारपणाच्या रजेत पहिले सहा आठवडे साधारणपणे मालकाकडून पूर्ण पगार मिळतो. घरात बारा वर्षांखालील मूल असेल आणि सांभाळायला दुसरं कुणी नसेल, तर सरकारी आरोग्य विम्याकडे 'हाउसहाल्ट्सहिल्फे' म्हणजे घरकामाच्या मदतीसाठी अर्ज करता येतो. तो ऑपरेशनच्या आधीच करावा.

भारतात जाऊन ऑपरेशन करणाऱ्यांनी परतीच्या लांब विमानप्रवासाबद्दल सर्जनला विचारावं, इंग्रजीत पूर्ण अहवाल आणावा, आणि पुढच्या तपासण्या इथे कोण करणार हे तिकीट काढण्याआधी ठरवावं.

केव्हा थांबायचं नाही?

ताप, वाढत जाणारी पोटदुखी, बसल्या जागी नाडी १२० च्या वर, दम लागणं, पोटरी सुजणं, काळी शौच, दिवसभर पाणीही न टिकणं. यातलं काहीही झालं तर "सकाळपर्यंत बघू" नको. ११२ ला फोन करा किंवा लोबेडातल्या विद्यापीठाच्या हॉस्पिटलचा तातडीचा विभाग गाठा. उलट्या बरेच दिवस चालल्या तर बी-१ संपून मेंदूवर परिणाम होऊ शकतो, तेव्हा डॉक्टरांना त्याची आठवण जरूर करून द्या.

आणि आग्रहाबद्दल

आपल्यात हे ऑपरेशन लपवण्याकडे कल असतो. "आळशी होता म्हणून केलं" ही कुजबुज नको असते. पण लपवलं की गणपतीच्या जेवणात ताटात तिसरा मोदक पडतो, नाही म्हणवत नाही, आणि मग माणूस बाथरूममध्ये उलटी करत बसतो. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये हे ऑपरेशन करून घेतलं आणि त्याबद्दल ते उघड बोलले. आपल्या दोन-चार घरांत तेवढं बोलायला हरकत नाही.

यजमानांना एक विनंती : अशा पाहुण्याला छोटी वाटी द्या, त्यात डाळ किंवा पनीर आधी वाढा, आणि पुन्हा विचारू नका. त्याने अर्धी वाटी संपवली असेल तर तो पोटभर जेवला आहे.

आपले अनुभव आणि पाककृती जरूर कळवा. काळजी घ्या, लोभ आहेच, तो वाढावा!