सीमेवरची नदी, धरणाची वीज आणि वाट्याचा प्रश्न

मंडळी, पिंपळीत बसून सीमेवरच्या नदीबद्दल बोलायचं तर फार लांब जायला नको. नीरेच्या अलीकडे आपण, पलीकडे फलटण आणि माळशिरस. डावा कालवा आपला, उजवा त्यांचा. आवर्तन लांबलं की दोन्ही काठांवर काय भाषा सुरू होते, ते आपण ऐकतोच. पण हे भांडण पाण्याचं. विजेचं गणित जरा वेगळं आहे.

वीज करताना पाणी खर्च होत नाही. यंत्र फिरवून ते पुढे जातं. वीज देते ती पाण्याची पडण्याची उंची. आणि ही उंची येते पाणी अडवून, म्हणजे वरच्या अंगाची जमीन बुडवून. वीजगृह एकाच्या हद्दीत, बुडणारं शेत दुसऱ्याच्या, असं सहज होतं. मग वीज कुणाची?

ब्राझील आणि पॅराग्वे यांच्या सीमेवर पाराना नदी आहे. तिच्यावरच्या इताइपू धरणाची वीज 1973 च्या करारानं निम्मी-निम्मी ठरली. यंत्रं 20, प्रत्येकी 700 मेगावॅटची; 10 पॅराग्वेच्या 50 हर्ट्झवर चालणारी, 10 ब्राझीलच्या 60 वर. याहून चोख वाटणी कुठली? पण पॅराग्वेला एवढी वीज लागतच नव्हती, आणि उरलेली वीज करारानुसार ब्राझीललाच द्यायची. गिऱ्हाईक एकच असेल तर मालकी किती उरते? ऊस लावणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.

आता आपल्या राज्याकडे येऊ. नंदुरबारच्या उत्तर टोकाला नर्मदा ही महाराष्ट्राची सीमा आहे. सरदार सरोवराचं धरण गुजरातमध्ये, पण फुगवटा आपल्याकडे आणि मध्य प्रदेशात. लवादानं 1979 मध्ये निवाडा दिला: विजेत मध्य प्रदेशाला 57 टक्के, महाराष्ट्राला 27, गुजरातला 16. वीजगृहांची क्षमता 1450 मेगावॅट, म्हणजे आपल्या वाट्याला सुमारे 391. त्याच प्रमाणात वीजगृहांचा खर्चही आपल्याकडे. हे सगळं मोजता येतं.

बुडणं मात्र टक्क्यांत मावत नाही. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावं बुडिताखाली आली, मणिबेली त्यांतलंच. निवाड्यात तरतूद चांगली होती. ज्या कुटुंबाची पाव हिश्शाहून जास्त जमीन जाते, त्याला किमान 2 हेक्टर जमीन. सज्ञान मुलगा म्हणजे स्वतंत्र कुटुंब. अडलं ते एका शब्दावर. जमीन ‘धारण करणारा’ म्हणजे कोण? सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या जी शेतं कसली, त्यांतली कितीतरी कागदावर जंगलजमीन होती. कसणारा तिथं धारक नव्हे, अतिक्रमणदार. सातबाऱ्यावर नाव नसेल तर काय होतं, हे इथं बसलेल्यांना ठाऊक आहे. आपण तलाठ्याकडे खेटे घालतो, कधी कोर्टात जातो. शेत निदान जागेवर असतं. तिथं कागदाचा वाद चालू असताना दर पावसाळ्यात पाणी वर चढत होतं.