सर्व्हरचे व्यवस्थापन-पृष्ठ उघडत नसेल तर...

रायपूरच्या चौबे कॉलोनीतील महाराष्ट्र मंडळासारख्या एखाद्या संस्थेचे संकेतस्थळ व्यवस्थित सुरू आहे, परंतु ज्या पृष्ठावरून सर्व्हरचा कारभार पाहिला जातो तेच उघडत नाही, अशी अडचण कोणालाही येऊ शकते. सर्व्हर बंद पडला, असा निष्कर्ष घाईने काढू नये. संकेतस्थळ ८० किंवा ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर चालते. वेबमिन हे व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर मात्र सामान्यतः १०००० क्रमांकावर. पत्त्यात 'एचटीटीपीएस' आणि हा क्रमांक लिहिला आहे ना, हे प्रथम पाहावे.

'जोडणी नाकारली' असा संदेश तत्काळ आला, तर बहुधा वेबमिनची सेवाच थांबलेली असते. एसएसएचद्वारे सर्व्हरवर जाऊन ती पुन्हा सुरू करता येते. बराच वेळ काहीच उत्तर आले नाही, तर फायरवॉलचा संशय घ्यावा.

खरी चूक येथेच होते. वैतागून ते पोर्ट साऱ्या जगाला खुले केले जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये वेबमिनच्या काही आवृत्त्यांत दडवलेला चोरदरवाजा उघडकीस आला. त्यातून परवलीचा शब्द ठाऊक नसतानाही सर्व्हरचा ताबा घेता येत असे. १.९३० आवृत्तीत तो काढून टाकण्यात आला. फायरवॉलमध्ये केवळ आपल्या आयपी पत्त्याला वाट द्यावी. घरगुती ब्रॉडबँडवर हा पत्ता बदलत राहतो. काल उघडणारे पृष्ठ आज न उघडण्याचे कारण कधीकधी एवढेच असते. अशा वेळी एसएसएचच्या सुरक्षित मार्गानेच ते पाहणे बरे.