मेंढीकोट : डावापूर्वीचा करार

अबुल फजलाने ‘ऐने-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन केले आहे, त्यात मेहकर सरकारातील लोणारचा उल्लेख येतो. ब्राह्मण त्या स्थळास विष्णुगया म्हणतात, तेथील डोंगरांत काच आणि साबण करण्यास लागणारे जिन्नस निपजतात आणि सोऱ्याच्या कारखान्यांपासून सरकारास चांगला महसूल मिळतो, अशी ती बारीक नजरेची नोंद आहे. त्याच ग्रंथात, जेथे अकबर बादशहाच्या करमणुकींची हकिकत आहे तेथे, गंजिफा या पत्त्यांच्या खेळाचेही सविस्तर वर्णन सापडते. पूर्वीच्या शहाण्यांनी बारा हा अंक पायाभूत धरून बारा प्रकारांची प्रत्येकी बारा, म्हणजे एकूण १४४ पाने योजिली होती. अश्वपती, गजपती, नरपती, गडपती, धनपती या क्रमाने चालत ती मालिका अहिपतीपर्यंत, म्हणजे सर्पांच्या राजापर्यंत, पोहोचत असे. आणि अकबराने त्यांतील कित्येक प्रकार आपल्या मर्जीने बदलून टाकले. लोणार आणि गंजिफा एकाच पोथीत आली हा योगायोग खरा. परंतु बुलढाणा जिल्ह्यात पत्त्यांभोवती जे लोकजीवन आजही नांदते आहे त्याचा विचार करताना त्या नोंदीतील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तेथे खेळाचा कायदा बदलण्याचा अधिकार बादशहाचा होता. येथे तो पारावर बसलेल्या चौघांचा आहे.

हे स्थित्यंतर एका दिवसात झालेले नाही. गंजिफा महाराष्ट्रात दीर्घकाळ खेळली गेली आणि सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी तिला जे रूप दिले ते आजही पाहावयास मिळते. कापडाच्या थरांना चिंचोक्याची खळ लावून, त्यावर खडूचा लेप देऊन, दगडाने घोटून गुळगुळीत केलेली ती वाटोळी पाने, त्यांच्या पाठीवरचे लाखेचे रोगण आणि पोटावर कुंचल्याने रेखाटलेले मत्स्य, कूर्म, वराह. दहा अवतारांची प्रत्येकी बारा याप्रमाणे दशावतारी संचात १२० पाने असतात. राजा आणि प्रधान ही दोन चित्रे सोडली तर उरलेल्या दहा पानांचा क्रम अर्ध्या अवतारांत सुलटा आणि अर्ध्यांत उलटा लागतो, म्हणजे एका ठिकाणी दहा हे पान वरचढ तर दुसऱ्या ठिकाणी एक. दिवसा खेळ असेल तर रामाने आरंभ करावयाचा आणि रात्री असेल तर कृष्णाने. इतकी पाने, इतके स्मरण आणि इतके कौशल्य मागणारा हा खेळ, संस्थानिक आश्रयदाते गेल्यावर आणि यंत्रावर छापलेला बावन्न पानांचा स्वस्त जोड हाती आल्यावर, मागे पडला यात नवल नाही. सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तो हुन्नर वाचविला, हे त्यांचे मोठेच ऋण आहे. परंतु त्यांना वाचविता आली ती पाने. ती खेळणारी मंडळी पुन्हा गोळा करणे कोणाही एका घराण्याच्या हाती नव्हते.

बुलढाण्यात घडले ते याच्या अगदी उलट. येथे पाने कोठलीही चालतात, कोपरे झिजलेली, पाठीवर चहाचे डाग पडलेली, हरवलेल्या चौकटच्या पंजीऐवजी जोकरावर शाईने आकडा घातलेली. जपला गेला आहे तो खेळ आणि त्याचा रिवाज. अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन मुलूख केले आहेत. वर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा. खाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद. जमीन निराळी, बोली थोडी निराळी, सोयरिकीचे रिवाजही निराळे. तरी दोन्हीकडे देवळाच्या ओट्यावर, पिंपळाच्या पारावर किंवा लग्नाच्या मांडवात एका कोपऱ्याला चार माणसे घोंगडीवर बसलेली दिसली की बहुधा मेंढीकोटच चाललेला असतो.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी त्याचे स्वरूप सांगितले पाहिजे. चौघांनी बसावयाचे आणि समोरासमोरचे दोघे एकमेकांचे भिडू. प्रत्येकास तेरा पाने, बहुधा आधी पाच, मग चार, मग चार अशी वाटलेली. एक्का सर्वांत वर, दुर्री सर्वांत खाली. ज्या जातीचे पान उतरले त्याच जातीचे पान देणे बंधनकारक, ते नसेल तर हुकमाने कापण्याची मुभा. इथवर हा खेळ जगातील इतर शंभर खेळांसारखाच. परंतु चार दश्श्यांना येथे मेंढ्या म्हणतात आणि सारी लढाई त्या चार मेंढ्यांसाठी असते. ज्या बाजूने तीन जिंकल्या तिचा डाव. दोन-दोन झाल्या तर सात किंवा अधिक हात ज्यांनी केले त्यांचा. चारही एकाच बाजूस गेल्या तर कोट. आणि तेराही हात एकाच बाजूने केले तर तो बावन्न पानांचा कोट, ज्याची आठवण हरलेल्यांना गावकरी पुढे कित्येक महिने देत राहतात. आता या रचनेतील मर्म असे की, ज्या पानाची किंमत सर्वांत मोठी त्याचे बळ मात्र पाचव्या पायरीवरचे आहे. एक्का, बादशहा, राणी आणि गुलाम, चौघेही त्याला मारू शकतात. त्यामुळे मौल्यवान वस्तू स्वतःच्या जोरावर कधीच राखता येत नाही, ती भिडूच्या पानाआड लपवूनच पार करावी लागते, आणि हा खेळ आरंभापासून अखेरपर्यंत समोरच्या माणसावरच्या विश्वासाचा होऊन बसतो. माझ्या मते मेंढीकोटाच्या दीर्घायुष्याचे खरे कारण हेच आहे.

हुकूम ठरविण्याच्या दोन रीती आहेत. बंद हुकमात एकजण आपल्या हातातील एक पान निवडून पालथे ठेवतो. पुढे कोणाकडे उतरलेल्या जातीचे पान नसले म्हणजे तो हुकूम उघडावयास लावतो. कट हुकमात आरंभी हुकूमच नसतो. ज्याच्यावर पहिल्यांदा जात नसल्याचा प्रसंग येतो तो जे पान टाकील त्याची जात त्या डावापुरती हुकमाची. पहिल्या रीतीत एका माणसाच्या दूरदृष्टीचा कस लागतो. दुसरीत, ज्याच्यावर प्रसंग ओढवला त्याच्या धैर्याचा.

श्रावणातल्या एका पावसाळी दुपारी, मेहकर तालुक्यातील एका विठ्ठलमंदिराच्या ओट्यावर, मी कट हुकमाचा एक डाव पाहत होतो. निवृत्त शिक्षकांनी चौकटचा एक्का उतरला. त्यांच्या शेजारच्या वृद्ध शेतकऱ्याकडे चौकटचे एकच पान होते आणि ती नेमकी मेंढी होती. त्यांनी ती बोटांत क्षणभर धरून मुकाट्याने खाली ठेवली. गुरुजींच्या भिडूने छक्की टाकली. चौथा होता ट्रॅक्टर चालविणारा विशीतला मुलगा, त्या वृद्धाचा भिडू, आणि त्याच्याकडे चौकटचे एकही पान नव्हते. मी त्याच्या मागेच बसलो होतो. किलवरची चार पाने, त्यांत एक्का आणि बादशहा. बदामाची चार, सारी हलकी. इस्पिकची पाच, त्यांत वरचे पान काय ते राणी. किलवर हुकूम केला तर दोन हात हमखास, परंतु संख्या अपुरी. इस्पिक केला तर पाने पाच, परंतु एक्का कोणाकडे आहे याचा पत्ता नाही. भोवतीच्या पाच-सहा जणांपैकी एकानेही हूं की चूं केले नाही. त्याने इस्पिकची तिर्री टाकली. आपली मेंढी परत आलेली पाहून म्हातारबा केवळ एवढेच म्हणाले, “वाचोली रे पोट्ट्या!” पुढचे बारा हात होईपर्यंत त्या मुलाच्या निर्णयाची चिकित्सा करण्यास कोणी तोंड उघडले नाही, ते उघडले डाव संपल्यावर, आणि मग मात्र अर्धा तास उघडेच राहिले. “काहून बे, किल्वर काहून नाही केला?” असे गुरुजींनी विचारले तेव्हा तो म्हणाला, “गुरुजी, दोन हात घेऊन काय करता? पत्ते पुरले पाह्यजेत ना.” गुरुजींना ते पटले नाही; परंतु त्यांनी त्याचे म्हणणे पुरते ऐकून घेतले. चाळीस वर्षांपूर्वी त्याच्या बापाला त्यांनी पाढे शिकविले होते.

या खेळाचे जे अंग मला सर्वांत मोलाचे वाटते ते मात्र पहिले पान पडण्यापूर्वीच घडून गेलेले असते. पत्ते पिसता पिसता करार होतो. बंद की कट? कट असेल तर मध्येच हुकूम बदलावयाचा नाही ना? खाली ठेवलेले पान उचलता येईल की नाही? जात असून दुसरे पान टाकले आणि ते पकडले गेले तर तेवढा हात गेला की सबंध डाव? बाहेरचा कोणी बोलला तर त्याचे काय? हे नियम कोठल्याही छापील पुस्तकावरून आलेले नाहीत. एका गावी एक रिवाज असतो आणि नदीपलीकडच्या गावी दुसरा, आणि दोन्ही गावांची माणसे एकत्र आली की ते समोरासमोर मांडून, प्रसंगी हातघाईवर येऊन, परंतु अखेर सर्वांच्या संमतीने ठरवावे लागतात. घाटाखालून वरात वर आली म्हणजे हे विशेष दिसते. वराकडील मंडळी आपल्या गावची रीत सांगतात, वधूकडील आपली. मग कोणीतरी वडीलधारे मामा पंच होऊन निवाडा देतात की, पहिला डाव यजमानांच्या रीतीने आणि दुसरा पाहुण्यांच्या. ज्यांची आदल्या दिवशी तोंडओळखही नव्हती अशी माणसे एका ठरावाने बांधली जातात, आणि तो मोडला तर दाद मागावयास ठाणे किंवा कचेरी नाही हे सर्वांना ठाऊक असल्यामुळेच तो बहुधा मोडला जात नाही.

पत्त्यांवर जुगाराचा डाग आहे हे मी नाकारीत नाही. शेजारच्या खानदेशात आखाजीच्या सणाला पत्ते खेळण्याची जुनी चाल आहे आणि तिच्यापायी कित्येक संसारांची राखरांगोळी झाली आहे. परंतु तीनपत्तीवर लावलेला पैसा आणि मेंढीकोटाचा डाव यांना एकाच तागडीत तोलणे हा अन्याय होय. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यानेच निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळले आहे, आणि १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीच्या बाबतीत स्पष्ट म्हटले की, पाने पडतील तशी लक्षात ठेवणे आणि कोणते राखावे, कोणते टाकावे हे जाणणे यात प्राधान्य कौशल्याचेच आहे. मेंढीकोटात तर पणाला लागते ती फार तर चहाची किटली. मुलगा पारावर पत्ते खेळताना दिसला म्हणजे त्याला कान धरून उठविणाऱ्या पालकांनी तो कोणता खेळ खेळत होता एवढे तरी आधी विचारावे, असे मला कळकळीने वाटते.

खेळाचे नियम कोणी ठरवावयाचे हा प्रश्न आपल्या जिल्ह्यापुरता नाही. १९९३ साली अमेरिकेत रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने ‘मॅजिक : द गॅदरिंग’ नावाचा पत्त्यांचा खेळ निर्माण केला. त्यात प्रत्येकाने निरनिराळी पाने विकत घेऊन, अदलाबदल करून स्वतःचा जोड बांधावयाचा असतो. तो खेळ छापणारी कंपनी नवी पाने काढीत राहते, म्हणून कोणती चालतील आणि कोणती नाहीत याचे वेगवेगळे रिवाज त्या खेळात पडले. त्यांतील आज अतिशय लोकप्रिय असलेला ‘कमांडर’ हा प्रकार कंपनीने काढलेला नव्हे. तो अलास्कातील खेळाडूंनी आपसात रूढ केला. शंभर पानांचा जोड, ‘जमीन’ या नावाची मूळ पाने वगळता एकही पान दुबार नाही, आणि बहुधा चौघांचा डाव. त्याचे नियम खेळाडूंचीच एक छोटी समिती अनेक वर्षे पाहत होती. सप्टेंबर २०२४ मध्ये तिने काही अत्यंत महागडी पाने बाद ठरविली. ज्यांचे पैसे त्या पानांत गुंतले होते त्यांनी इतका गहजब केला, समितीच्या सदस्यांना धमक्या देण्यापर्यंत मजल नेली, की आठवडाभरात त्या प्रकाराची सारी व्यवस्था समितीने कंपनीच्या हवाली केली. ही हकिकत वाचून मला त्या खेळाडूंविषयी मनापासून वाईट वाटले, कारण त्यांनी निर्माण केलेली वस्तू आमच्या पारावरच्या करारासारखीच होती. फरक इतकाच की, त्यांच्या पानाला बाजारात भाव होता. बावन्न पानांच्या जोडातील दश्शीला डाव संपताच काहीच किंमत उरत नाही, आणि म्हणून तिच्यासाठी केलेला नियम विकत घेण्याचे कोणाला कारण पडत नाही.

या खेळाचे शिक्षणही कोणी मुद्दाम देत नाही. उन्हाळ्याच्या सुटीत आजोळी जमलेली मुले गुलामचोर आणि झब्बूपासून आरंभ करतात, बदामसातमध्ये पाने राखण्याची कला शिकतात, पाच-तीन-दोनमध्ये हुकूम बोलण्याची. आणि मग एखाद्या दुपारी मोठ्यांच्या डावात चौथा भिडू कमी पडला म्हणजे त्यांतील एकाला हाक येते. आज्या आणि आत्या या शिक्षणात पुरुषांहून मागे नसतात. पारावर त्या बसत नाहीत, पण माजघरातला त्यांचा मेंढीकोट मी पाहिलेल्यांपैकी सर्वांत कठोर, कारण तेथे उचललेले पान परत ठेवण्याची सवलत कोणालाच नाही, नातवालाही नाही.

आता मोबाइलवरही हा खेळ निघाला आहे. त्यात यंत्र चुकीचे पान टाकूच देत नाही, म्हणून तंटा नाही. आणि तंटा नाही म्हणून कराराचीही गरज नाही. म्हणून, हे करार विसरले जाण्याआधी, जिल्ह्यातील गावोगावच्या वाचनालयांनी आणि शाळांनी आपापल्या गावचा रिवाज एका वहीत लिहून ठेवावा, अशी माझी सूचना आहे. त्यासाठी विद्वान नकोत. संध्याकाळी पारावर जाऊन विचारले तरी पुरे. दोन-दोन मेंढ्या झाल्यास डाव कोणाचा, हरलेल्यांपैकी वाटायचे कोणी, कोट झाल्यावर जोडी उठते की बसून राहते, एवढ्या प्रश्नांनीही वहीची पाने भरतील. सहाजण जमले तर काय करतात हेही त्यात यावे. माझ्या पाहण्यातील रीत अशी की, चारही दुर्र्या बाजूस काढून उरलेली ४८ पाने प्रत्येकी आठ वाटतात, दोन्ही पक्षांचे भिडू एकाआड एक बसतात, आणि सातवा कोणी आलाच तर त्याने कोट होईपर्यंत थांबावयाचे आणि तोवर कोणाच्याही पानांवर बोलावयाचे नाही.