एकच नाव, नऊ लाइनअप: डीप पर्पल नेमका कुणाचा?

आजचा एपिसोड नावांनी आणि वर्षांनी गच्च भरलेला आहे. कानाने ऐकताना कोण आलं, कोण गेलं याचा गोंधळ होणारच. म्हणून हा लिखित भाग. ट्रेनमध्ये, बसमध्ये निवांत वाचा, आणि शेवटी दिलेली गाणी हेडफोन लावून ऐका.

विषय आहे डीप पर्पल. इंग्लंडचा हा हार्ड रॉक बँड १९६८ साली सुरू झाला आणि आजही वाजवतोय. मधली काही वर्षं तो बंद होता, पण ते पुढे येईलच. यात जागा कायम पाचच: गायक, गिटार, बास, कीबोर्ड आणि ड्रम्स. या पाच जागांवर आजवर १५ जण येऊन गेले. सदस्य बदलले की चाहते त्या लाइनअपला नवा नंबर देतात. मार्क एक, मार्क दोन असं करत गाडी मार्क नऊवर आलीय. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळतं, कारण ही सरळसरळ व्हर्जन नंबरची पद्धत आहे.

पण प्रश्न असा, की इतकी माणसं बदलल्यावर बँड तोच राहतो का? आणि तो तोच आहे, हे ठरवणार कोण?

मार्क एक आणि दोन

पहिल्या लाइनअपमध्ये गायक रॉड इव्हान्स, गिटारवर रिची ब्लॅकमोर, कीबोर्डवर जॉन लॉर्ड, बासवर निक सिंपर आणि ड्रम्सवर इयान पेस होते. 'हश' हे दुसऱ्याचं गाणं त्यांनी आपल्या पद्धतीने वाजवलं आणि ते अमेरिकेत चौथ्या नंबरपर्यंत गेलं. म्हणजे सुरुवात झकास. पण ब्लॅकमोर आणि लॉर्डला आवाज आणखी जड हवा होता. १९६९ मध्ये त्यांनी 'एपिसोड सिक्स' या बँडमधून गायक इयान गिलन आणि बासवाला रॉजर ग्लोव्हर यांना घेतलं. नव्यांबरोबर गुपचूप सराव सुरू झाला, आणि त्याच वेळी इव्हान्स आणि सिंपर ठरलेले शो वाजवत होते. आपली जागा भरली गेलीय, हे त्या दोघांना माहीतच नव्हतं.

हा मार्क दोन. सगळ्यात गाजलेला. जॉन लॉर्ड आपला हॅमंड ऑर्गन थेट मार्शलच्या गिटार अँपमधून वाजवायचा, त्यामुळे ऑर्गनसुद्धा गिटारसारखा गुरगुरायचा. मग ऑर्गन आणि गिटारची सवाल-जवाबासारखी जुगलबंदी रंगायची. 'इन रॉक' १९७० चा आणि 'मशीन हेड' १९७२ चा. 'स्मोक ऑन द वॉटर' यातलंच. ४ डिसेंबर १९७१ ला स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावातला कसिनो जळाला, त्या आगीवरचं हे गाणं.

आपल्यासाठी एक गंमत सांगतो. 'चाइल्ड इन टाइम'ची सुरुवातीची ऑर्गनची धून 'बॉम्बे कॉलिंग' या तुकड्यावरून घेतलेली आहे. तो सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इट्स अ ब्युटिफुल डे' या बँडचा. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

एवढा गाजलेला मार्क दोन पहिल्या खेपेला टिकला किती? फक्त चार वर्षं. सततचे दौरे, थकवा, त्यात गिलन आणि ब्लॅकमोरचं पटेना. गिलनने राजीनामा आधीच देऊन ठेवला होता. अगदी आपल्याकडच्या नोटीस पिरियडसारखे महिने काढून जून १९७३ मध्ये तो ओसाकाच्या शोनंतर बाहेर पडला. ग्लोव्हरही गेला.

मार्क तीन आणि चार

गिलनच्या जागी आला डेव्हिड कव्हरडेल. तेव्हा २१ वर्षांचा, कपड्यांच्या दुकानात काम करणारा, फारसा कुणाला माहीत नसलेला मुलगा. बासवर ग्लेन ह्यूज आला, तो स्वतःही तगडा गायक. म्हणजे एका गायकाच्या जागी दोन आवाज झाले. १९७४ च्या 'बर्न'मध्ये हे लगेच ऐकू येतं. पण हळूहळू संगीतात फंक आणि सोल शिरायला लागलं. ब्लॅकमोरला ते पटलं नाही. १९७५ मध्ये तो गेला आणि त्याने 'रेनबो' हा बँड काढला.

त्याच्या जागी टॉमी बोलिन हा अमेरिकन गिटारवाला आला. 'कम टेस्ट द बँड' हा त्याच्याबरोबरचा अल्बम आज ऐकला तर मस्त वाटतो. तेव्हा मात्र प्रेक्षकांना ब्लॅकमोरच हवा होता. त्यात ड्रग्जनी बोलिनचं वाजवणं बिघडवलं. मार्च १९७६ मध्ये लिव्हरपूलला शेवटचा शो झाला आणि बँड मोडला. त्याच डिसेंबरमध्ये बोलिन गेला. वय फक्त २५.

नाव खरं, बँड खोटा

आता सगळ्यात विचित्र भाग. १९८० मध्ये अमेरिकेत अचानक 'डीप पर्पल'चे शो सुरू झाले. स्टेजवर जुन्यांपैकी एकच माणूस, पहिला गायक रॉड इव्हान्स. बाकी सगळे नवखे. लोक तिकीट काढून ब्लॅकमोर, गिलनला ऐकायला यायचे आणि भडकायचे. शेवटी खऱ्या बँडच्या मॅनेजमेंटने पेपरात जाहिरात दिली, की आमच्यापैकी हे हे लोक या शोमध्ये नसणार. प्रकरण कोर्टात गेलं. इव्हान्स आणि त्याच्या साथीदारांना ६ लाख ७२ हजार डॉलरचा दणका बसला. जुन्या अल्बमची रॉयल्टीही इव्हान्सच्या हातून गेली.

इथे एक गोष्ट स्पष्ट होते. तुम्ही अगदी पहिल्या दिवसापासूनचे असाल, तरी तेवढ्यावर नाव तुमचं होत नाही.

परत येणं, परत जाणं

१९८४ मध्ये मार्क दोन पुन्हा एकत्र आला आणि 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' निघाला. जुनं भांडणही सोबत आलं. १९८९ मध्ये गिलनला काढलं आणि रेनबोचा जुना गायक जो लिन टर्नर आला. मग चाहते म्हणायला लागले, हा तर रेनबोच झाला! १९९२ मध्ये गिलन परत. नोव्हेंबर १९९३ मध्ये ऐन दौऱ्यात ब्लॅकमोर निघून गेला, तो कायमचा. जपानचे शो तोंडावर होते. जो सॅट्रियानीने धावून येऊन ते निभावले.

१९९४ मध्ये स्टीव्ह मोर्स आला. ब्लॅकमोरची नक्कल न करता तो आपल्याच ढंगात वाजवायचा. काही महिन्यांतच, ८ एप्रिल १९९५ ला, हा नवा बँड आपल्या मुंबईत अंधेरीच्या स्पोर्ट्स कॉम्प्लेक्समध्ये वाजला. त्या शोचं रेकॉर्डिंग पुढे निघालं, आणि त्याचं नाव? 'बॉम्बे कॉलिंग'!

२००२ मध्ये जॉन लॉर्ड थांबला आणि डॉन एअरी आला. २०१२ मध्ये लॉर्ड गेला. २०२२ मध्ये पत्नीच्या आजारपणामुळे मोर्सने बँड सोडला. त्याच्या जागी सायमन मॅकब्राइड आला, तो मार्क नऊ. सुरुवातीच्या पाचांपैकी आज एकटा ड्रमर इयान पेस उरलाय. प्रत्येक लाइनअपमध्ये असलेला हा एकमेव माणूस.

मग बँड कुणाचा?

आता हिशेब बघा. ब्लॅकमोरच्या दोन्ही खेपा मिळून साधारण १६ वर्षं होतात. मोर्स २८ वर्षं होता. तरी २०१६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने मान दिला तो पहिल्या तीन लाइनअपमधल्या आठ जणांना. मोर्स नाही, एअरी नाही, आणि पहिल्या दिवसाचा निक सिंपरही नाही.

मला हे पटत नाही. माझ्या मते डीप पर्पल म्हणजे कामाची एक वाटणी आहे. ऑर्गन आणि गिटारने बरोबरीने भांडायचं, ड्रम्सने दोघांना धरून ठेवायचं, आणि गायकाने त्या सगळ्याच्या वर उठायचं. त्या जागेवर येणाऱ्याने काम तेच करायचं, पण हात स्वतःचा हवा. कव्हरडेलने आणि मोर्सने ते केलं. १९८० च्या टोळीकडे फक्त नाव होतं, ही वाटणी नव्हती.

अर्थात तुमचं मत वेगळं असू शकतं. आधी या क्रमाने ऐका, मग वाद घालू: 'हश', 'चाइल्ड इन टाइम', 'बर्न', 'गेटिन टायटर', 'परफेक्ट स्ट्रेंजर्स', आणि शेवटी मोर्सच्या काळातलं 'समटाइम्स आय फील लाइक स्क्रीमिंग'. प्रत्येक गाण्यात एकदा तरी फक्त ड्रम्सकडे कान द्या. सहाही ठिकाणी तोच माणूस वाजवतोय.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ऐकत राहा!