फलकावर नसलेली शिंगरे

सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याच्या आधी त्याचा फलक दिसतो. नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात, तापीच्या काठी, एकमुखी दत्ताच्या देवळाजवळ दत्तजयंतीला हा घोडेबाजार भरतो. मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरे अशा सगळ्या जाती तिथे असतात. पैदाशीच्या नामी घोड्याची राहुटी लांबूनच ओळखू येते. तिच्यावर फ्लेक्स ताणलेला असतो. मधोमध घोडा, मान कमानीसारखी, कानांची टोके एकमेकांना भिडलेली. खाली बापाचे आणि आज्याचे नाव. आणि कोपऱ्यात त्याच्या तीन शिंगरांचे फोटो.

अशाच एका फ्लेक्सखाली उभा राहून मी मालकाला विचारले, “याची शिंगरे एकूण किती झाली?”

“लई झाली, भाऊ.”

“लई म्हणजे?”

“पार राजस्थानातून घोड्या येतात फळवायला.” एवढे बोलून त्यांनी बोट पुन्हा त्या तिघांवर ठेवले.

शाळेत अपूर्णांक शिकताना वरचा आकडा अंश आणि खालचा छेद, हे आपण घोकलेले असते. फ्लेक्सवरचे तीन हा अंश झाला. छेद वीस असेल तर घोडा लाखमोलाचा. तीनशे असेल तर त्या तिघांचे श्रेय घोड्याला द्यायचे की योगायोगाला, हा प्रश्न उरतो. बाजारात अंश सगळेच दाखवतात. छेदाचा शोध मात्र मला बराच लांब घेऊन गेला.

आपल्याकडे घोडा पारखण्याची विद्या जुनी आहे. शालिहोत्राच्या नावाने तर अख्खे अश्वशास्त्रच ओळखले जाते. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत अश्वलक्षणांचा वेगळा अध्याय लिहिला आणि अंगावरचे कोणते भोवरे शुभ, कोणते अशुभ, ते सांगून ठेवले. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’तही घोड्यांना मानाची जागा आहे. सारंगखेड्यात आजही गळ्याखालचा ‘देवमण’ भोवरा आहे का, हे आधी पाहतात, दात मागाहून. मी या परंपरेची टिंगल करणार नाही. भोवऱ्याने घोडा धावत नाही हे खरे. पण त्याच जाणत्याची नजर गुडघ्याच्या ठेवणीवर, खुरावर, पाठीच्या लांबीवरही फिरत असते, आणि हाडापेराची ठेवण बऱ्याच अंशी पुढच्या पिढीत उतरते. अडचण एवढीच की ही सगळी परीक्षा समोर उभ्या असलेल्या घोड्याची आहे. पैदाशीसाठी जो घोडा घ्यायचा, त्याच्यापोटी काय येणार, हा प्रश्न निराळा.

तो किती निराळा, हे अमेरिकेतल्या एका नाणेफेकीने दाखवून दिले. बोल्ड रुलर हा तिथला त्या काळचा सर्वांत नामी पैदाशीचा घोडा. आठ वर्षे तो शिंगरांच्या कमाईत देशात पहिला होता. त्याच्या मालक घराण्यातले ऑग्डेन फिप्स पैशात फी घेण्याऐवजी शिंगरे वाटून घेत. चेनरी घराण्याच्या दोन-दोन घोड्या दोन वर्षे बोल्ड रुलरकडे जायच्या, आणि नाणेफेक जिंकणाऱ्याने पहिल्या वर्षीचे शिंगरू आधी निवडायचे, हरणाऱ्याने दुसऱ्या वर्षीचे. १९६९ साली नाणे उडवायची वेळ आली तेव्हा दुसऱ्या वर्षीची एक घोडी गाभण राहिलीच नव्हती. म्हणजे जिंकणाऱ्याला एकच शिंगरू आणि हरणाऱ्याला दोन. दोघांनाही हरायचे होते! फिप्स जिंकले. त्यांनी समथिंगरॉयल या घोडीची जन्मलेली मादी निवडली, तिचे नाव द ब्राइड. पेनी चेनरींच्या वाट्याला दुसऱ्या घोडीचे शिंगरू आणि समथिंगरॉयलच्या पोटातले अजून न जन्मलेले शिंगरू आले.

द ब्राइड चार शर्यती धावली आणि एकदाही पहिल्या तिघांत आली नाही. पोटातले शिंगरू ३० मार्च १९७० रोजी जन्मले. त्याचे नाव सेक्रेटेरिएट. १९७३ साली त्याने केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमॉन्ट या तिन्ही शर्यती जिंकल्या. बेलमॉन्ट तर ३१ लांबींच्या फरकाने, दीड मैल २ मिनिटे २४ सेकंदांत. ती वेळ त्या शर्यतीत आजवर कोणी मोडलेली नाही.

बाप एक, आईही एकच. प्रत्येक शिंगराला बापाच्या गुणसूत्रांतला निम्मा वाटा मिळतो, पण दर वेळी तो निम्मा वेगळा असतो. पत्ते तेच, पिसून पुन्हा वाटलेले. म्हणून फ्लेक्सवरच्या एका शिंगरावरून बापाबद्दल काही कळत नाही, आणि एका फसलेल्या शिंगरावरूनही नाही.

आता शिंगराकडे बघू. जाणकार मंडळी नवजात शिंगरू पाहतात तेव्हा ते तासाभरात उभे राहिले का, दोन तासांत आचळाला लागले का, आणि तीन तासांत घोडीची वार पडली का, एवढे आधी बघतात. यातले बापाकडून आलेले फार थोडे. रोगाशी लढणारी प्रतिद्रव्ये शिंगराला गर्भात मिळत नाहीत. ती पहिल्या काही तासांतल्या चिकातूनच येतात. चीक पातळ असेल, किंवा घोडी पाजत नसेल, तर बाप कितीही मोठा असो.

अंगलटीचेही तसेच. केंब्रिजला आर्थर वॉल्टन आणि जॉन हॅमंड या दोघांनी एक प्रयोग केला आणि १९३८ साली तो प्रसिद्ध झाला. एका बाजूला शायर हा गाडी ओढणारा अवाढव्य घोडा आणि दुसऱ्या बाजूला कमरेएवढे शेटलंड तट्टू. कृत्रिम रेतन करून त्यांनी दोन्ही बाजूंनी संकर घडवला. शायर घोडीला शेटलंडचे बीज, शेटलंड तट्टाणीला शायरचे. दोन्ही शिंगरांत दोन्ही जातींचा वाटा सारखाच. तरी शायर घोडीच्या पोटचे शिंगरू जन्मताना दुसऱ्याच्या जवळजवळ तिप्पट वजनाचे भरले. तट्टाणीने आपल्या पोटात मावेल तेवढेच वाढवले, आणि दोघांतला फरक मोठेपणीही पुरता बुजला नाही. खाण तशी माती, असे आपण म्हणतो; इथे खाण कोण, ते नीट ओळखायला हवे. यात्रेत कोणी सहा महिन्यांचे थोराड शिंगरू दाखवून बापाची तारीफ करू लागला, की मला ती तट्टाणी आठवते.

सेक्रेटेरिएटकडे परत येऊ. त्याच्या पैदाशीच्या हक्कांचे ३२ वाटे पाडून, प्रत्येकी १ लाख ९० हजार डॉलरला, ६० लाख ८० हजार डॉलरला विक्री झाली, आणि हे त्याची त्या तीन शर्यतींची दौड पुरी होण्याच्या आधी. त्याच्या बीजाबद्दल सुरुवातीला शंका निघाली, म्हणून तज्ज्ञांनी त्याला आधी साध्या घोडींवर आजमावले. लिओला नावाची ठिपकेदार अ‍ॅपलूसा घोडी गाभण राहिली आणि जगातल्या सर्वांत महागड्या घोड्याचे पहिले अपत्य शर्यतीच्या जातीबाहेरचे निघाले. ही भीती अनाठायी नव्हती. पुढे सलग १६ शर्यती जिंकणारा सिगार १९९६ साली निवृत्त झाला, ३४ घोड्या त्याला दाखवल्या आणि एकही गाभण राहिली नाही. विमा कंपनीला अडीच कोटी डॉलर मोजावे लागले.

सेक्रेटेरिएटला साडेसहाशेहून अधिक शिंगरे झाली. त्यांतल्या पन्नासहून अधिक शिंगरांनी मानाच्या शर्यती जिंकल्या, ज्यांना तिकडे ‘स्टेक्स’ म्हणतात. म्हणजे शंभरात आठ. थरोब्रेड या शर्यतीच्या जातीत सरसकट हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास असते. तरी लोकांनी त्याला फसलेला म्हटले, कारण त्यांना दुसरा सेक्रेटेरिएट हवा होता. मला हा राग बऱ्याच अंशी अन्यायाचा वाटतो, सगळा नाही. त्याच्याकडे देशातल्या निवडक घोड्या आल्या होत्या, आणि अशा घोडींना कोणत्याही बऱ्या घोड्यापासून शंभरात तीनपेक्षा जास्त विजेते झालेच असते.

आता त्याच्याशेजारी नॉर्दर्न डान्सर उभा करू. १९६१ साली कॅनडात जन्मलेला हा घोडा ठेंगणा होता. वर्षाचा असताना २५ हजार डॉलरला विकायला काढला तर कोणी घेतला नाही. १९६४ साली त्याने केंटकी डर्बी २ मिनिटांत मारली. पैदाशीला लागल्यावर पहिल्याच हंगामातल्या २१ शिंगरांपैकी १० स्टेक्स जिंकणारी निघाली. आयुष्यभरात ६४५ शिंगरांपैकी १४७. साधारण २३ टक्के. छेद जवळपास सेक्रेटेरिएटइतकाच, अंश अडीच पटींहून अधिक. नंतर त्याच्या नावाचाही फ्लेक्स झालाच. १९८३ साली केंटकीतल्या किनलँडच्या लिलावात त्याचा एक मुलगा, स्नाफी डान्सर, १ कोटी २ लाख डॉलरला गेला. तो एकही शर्यत धावला नाही आणि त्याला शिंगरेही चारच झाली.

छेद मिळाला तरी घोडींचा हिशेब राहतोच. अमेरिकेतल्या पैदासकारांनी त्यासाठी दोन आकडे शेजारी ठेवायची पद्धत पाडली, आणि या सगळ्या शोधात मला तीच सर्वांत शहाणी वाटते. पहिला आकडा घोड्याच्या शिंगरांची सरासरी कमाई त्या-त्या वर्षीच्या सगळ्या धावणाऱ्यांच्या सरासरीशी ताडून काढलेला. १ म्हणजे सरासरीइतकी, २ म्हणजे दुप्पट. दुसरा आकडा त्याच घोडींना इतर घोड्यांपासून झालेल्या शिंगरांचा. पहिला दुसऱ्यापेक्षा मोठा असेल, तरच घोड्याने घोडीच्या पदरात काही जास्त टाकले असे म्हणायचे. या कसोटीवर साधारण एक तृतीयांशच घोडे उतरतात. बाकीचे घोडींच्या जिवावर मोठे झालेले!

आइसलंडमध्ये याहून कडक शिस्त आहे. तिथला सर्वोच्च मान घोड्याला स्वतःच्या चालीवर मिळत नाही. त्याच्या किमान ५० अपत्यांची अंगठेवण आणि स्वारीची चाल परीक्षकांनी तपासलेली असावी लागते. तिथेही एक फट आहेच: परीक्षेला शिंगरू न्यायचे की नाही, हे मालक ठरवतो, आणि लंगडे कोण नेणार?

ही फट बुजवायचे साधन मात्र दोनशे वर्षांपूर्वीच सापडले होते. इंग्लंडात वेदर्बी घराण्याने १७९१ साली थरोब्रेडांच्या वंशावळीची नोंदवही काढली. ती घोड्यांच्या नावांनी मांडलेली नाही, घोडींच्या नावांनी मांडलेली आहे. एकेका घोडीखाली वर्षवार ओळी: कोणाकडे नेली, काय झाले. शिंगरू झाले नाही तर ‘भाकड’, गाभ पडला तर तसे, मेले तर मेले. छेद सापडतो तो या रुक्ष ओळींत. आपल्या देशातल्या थरोब्रेडांची अशी नोंदवही पुण्यात ठेवली जाते. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या शर्यतींत घोड्यांवर पैजा लावणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असेल.

मारवाडी-काठेवाडीचा प्रश्न अधिक निकडीचा आहे. २०१९च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टे मिळून सुमारे ३ लाख ४० हजार उरली होती, आधीच्या गणनेपेक्षा ४५ टक्क्यांहून अधिक घटून. थरोब्रेडांत फक्त नैसर्गिक संयोगच चालतो, त्यामुळे एका घोड्याला मर्यादा असते. देशी जातींत कृत्रिम रेतन होते, गोठवलेले बीज मिळते, आणि २०२३ साली बिकानेरच्या केंद्रात गर्भ प्रत्यारोपणातून मारवाडी शिंगरूही जन्मले. चांगल्या घोड्याचा पसारा यामुळे वाढेल. फ्लेक्सवरून निवडलेल्याचाही वाढेल, आणि थोड्या घोड्या उरलेल्या जातीत ती चूक निस्तरायला पिढ्या जातात.

सेक्रेटेरिएटचा हिशेब तर तो जिवंत असताना पुरा झालाच नाही. मुलग्यांनी निराशा केली, तरी त्याच्या मुली आया झाल्या. टर्लिंग्वाच्या पोटी १९८३ साली स्टॉर्म कॅट जन्मला, ज्याची पैदाशीची फी पुढे ५ लाख डॉलरवर गेली. वीकेंड सरप्राइझच्या पोटी ए. पी. इंडी ३१ मार्च १९८९ला जन्मला. घोडा आपले एक्स गुणसूत्र फक्त मुलींना देतो, म्हणून सेक्रेटेरिएटचे मोठे हृदय त्या वाटेने गेले, असा एक सिद्धांत रंगवून सांगतात. तो सिद्ध झालेला नाही. ए. पी. इंडी जन्मला त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला खुरांच्या दुखण्याने सेक्रेटेरिएटला मारावे लागले. ए. पी. इंडीने बेलमॉन्ट मारली ती तीन वर्षांनी.

सारंगखेड्याहून निघताना संध्याकाळी एका राहुटीपाशी थांबलो. तिथे फ्लेक्स नव्हता. एक वयस्क गृहस्थ आपल्या कुमैत घोडीला चंदी देत होते. विकायची का, विचारले तर मान हलवली. किती झाली हिला, विचारले. त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. पहिले अमक्याचे, पाय वाकडे, वरातीवाल्याला दिले. दुसरे त्याचेच, बरे निघाले. तिसऱ्या वर्षी गाभ पडला. चौथे दुसऱ्या घोड्याचे, रेवाल चालीचे, धुळ्याला गेले. पाचवे मेले, पावसात. सहावे तिच्या पलीकडे उभे होते, चंदीच्या तोबऱ्यात तोंड घालायला बघत होते.