सरंजामी फौजेतील अंमलदार व शिपाई : विंचूरच्या निमित्ताने

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील विंचूर हे गाव मराठ्यांच्या इतिहासात विठ्ठल शिवदेव दाणी ह्यांच्या घराण्यामुळे परिचित आहे. जहागिरीच्या ह्या गावावरूनच घराण्यास विंचूरकर हे नाव पडले. पेशवाईतील अशा सरदार घराण्यांचा विचार बहुधा पराक्रमाच्या अंगाने होतो. प्रस्तुत लेखात तो निराळ्या अंगाने करावयाचा आहे. शिपाई कोणी ठेवावा, त्याची हजिरी कोणी मांडावी आणि त्याचा पगार कोणाच्या हातून मिळावा, हे ते तीन प्रश्न होत. लष्करातील शिस्त शेवटी ह्यांच्याच उत्तरांवर अवलंबून असते.

शिवकालीन व्यवस्थेचे वर्णन सभासदाच्या बखरीत आढळते. पंचवीस बारगिरांस एक हवालदार, पाच हवालदारांस एक जुमलेदार, दहा जुमल्यांस एक हजारी आणि पाच हजाऱ्यांस एक पंचहजारी अशी ती उतरंड होती. जुमलेदारास ५०० होन, हजारीस १००० होन, तर पंचहजारीस २००० होन तैनात असे. ह्या आकड्यांहून महत्त्वाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की, बारगिराचा घोडा सरकारचा असे. घोडा स्वतःचा असलेल्या शिलेदारांस पागेच्या हुकमतीखाली ठेवून त्यांच्या बंडखोरीस आळा घातला होता. दुसरी अशी की, अंमलदाराबरोबर हिशेबाचा कारकून नेमलेला असे. पावसाळ्यात फौज छावणीस येई, दसऱ्यास मुलूखगिरीस निघे, आणि निघताना व परतताना प्रत्येकाजवळील वस्तूंची तपासणी होई. तात्पर्य, हुकूम एकाचा व हिशेब दुसऱ्याचा असे हे तत्त्व होते.

राजारामकालापासून हे तत्त्व शिथिल होत गेले. मोगलांशी चाललेल्या दीर्घ संघर्षात खजिना रिकामा झाला व पगाराऐवजी मुलूख तोडून देणे भाग पडले. पेशवाईत सरंजामाची पद्धती स्थिरावली. सरदाराने नेमून दिलेल्या संख्येची फौज बाळगावी व तिच्या खर्चासाठी प्रांताचा वसूल घ्यावा, असा हा करार होता. त्यावर अंकुश म्हणून दिवाण, मजुमदार, फडणीस, सबनीस आदी दरकदार असत. फौजेची हजिरी सबनीसाकडे असे. स्वार व घोडा ह्यांची चेहरेपट्टी लिहून घेण्याचा हेतू, एकाच घोड्यावर दोनदा पगार घेतला जाऊ नये, हाच होता.

तथापि कागदावरील अंकुश रणांगणात पुरेसा पडत नसे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर गोलाची लढाई लढण्याचे ठरले होते. इब्राहिमखान गारद्याच्या पायदळाने व तोफांनी फळी धरावी आणि घोडदळाने आपली जागा सोडू नये, असा तिचा आशय होता. विठ्ठल शिवदेव व दमाजी गायकवाड ह्यांच्या स्वारांनी पुढे धाव घेतल्याने फळीत फट पडली, असे अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे. ह्यास केवळ वैयक्तिक उतावीळपणा म्हणणे अपुरे होय. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याचे भांडवलच बुडे. त्याचा पोशिंदा सरदार होता, आणि सरदाराची प्रतिष्ठा स्वतःच्या पथकाच्या कामगिरीत होती. दुसऱ्याच्या तोफांच्या सोयीसाठी जागेवर स्थिर राहणे ही शिस्त त्या नात्यातून उपजत नव्हती.

मग रोख पगाराची कवायती फौज हा उपाय होता काय? गारद्यांचे उदाहरण येथे सावध करते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात शिरलेल्या गारद्यांनी थकलेल्या पगाराची तक्रार पुढे केली होती. त्या गर्दीत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्या कृत्यामागे कारस्थान होते हे खरे. परंतु तक्रार सर्वांस पटण्याजोगी वाटली, ह्यातच तत्कालीन खजिन्याची अवस्था दिसते. पुढे महादजी शिंद्यांनी द बॉयनच्या पलटणींच्या खर्चासाठी स्वतंत्र मुलूख लावून दिला, तो हीच उणीव ओळखून.

ह्यावरून असे दिसते की, सरंजाम व रोख पगार ह्यांतील भेद हा मूळ भेद नव्हे. जेथे हजिरी, हिशेब व वेळेवर पोहोचणारा पैसा राज्याच्या हाती राहतो तेथे शिपाई राज्याचा असतो. तो हात सुटला की शिपाई ज्याचे अन्न खातो त्याचा होतो. १८१८ नंतर विंचूरकरांची जहागीर टिकली, पण तिच्या मोबदल्यात लढाऊ फौज बाळगण्याचे कारण उरले नाही. सरंजामाचे लष्करी प्रयोजन तेथे संपले व मान तेवढा शिल्लक राहिला. म्हणून ह्या घराण्यांच्या दप्तरांतील हजिरीचे व पगाराचे कागद लढायांच्या वर्णनांइतकेच काळजीपूर्वक वाचले पाहिजेत.